फाल्गुनरावाची तसबीर आणि रेवतीचे गाणे

‘संशयकल्लोळ’ पाहून हसला नाही असा माणूस आमच्या पाहण्यात नाही. परंतु हे नाटक मराठीत दोनदा जन्माला आले, हे थोड्यांच्याच ध्यानात असते. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये एक लहानसा फार्स रचला; त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ साली लंडनच्या रंगभूमीसाठी ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी नाटक केले; आणि १८९३ साली गोविंद बल्लाळ देवलांनी ते ‘फाल्गुनराव’ म्हणून मराठीत आणले. ते सारे गद्य होते. पदे घालून त्याचे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले ते १९१६ साली, गंधर्व नाटक मंडळीत. त्याच वर्षी देवल वारले.

फार्सात गाणे घालणे हे मोठे जोखमीचे काम. फार्स धावत असतो, आणि नटाने तान घेतली की धावता गडी जागीच थांबतो. देवलांनी तोड काढली ती अशी : संशयाने पछाडलेल्या फाल्गुनराव-कृत्तिका या जोडप्याला मुख्यतः बोलते ठेवले, आणि पदे बहुतेक अश्विनशेट व रेवती यांना दिली. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि तिच्या हातात ती नवऱ्याला दिसते. हा सारा घोटाळा गद्यात भराभर वाढतो. गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो बोलण्याच्या ठसक्यावर. गाणे बालगंधर्वांच्या रेवतीचे.

पण आम्हांला मोलाचे वाटते ते निराळेच. मर्फीची बेलिंडा घरंदाज होती. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. हा बदल लहान नव्हे. बेलिंडावर संशय येतो तो तसबिरीपायी. रेवतीवर तो जन्मापासूनच आहे, तसबीर केवळ निमित्त. अश्विनशेट माणूस भला, तरी पहिल्याच धक्क्याला तिचे कूळ त्याच्या तोंडी येते. गिरणीच्या फाटकाशी आम्ही हे पुष्कळ पाहिले. काही हरवले की पहिली झडती झाडूवाल्याची! फाल्गुनरावाला आपण मोकळेपणी हसतो, कारण त्याची बायको निर्दोष हे आपल्याला पक्के ठाऊक असते. रेवतीला मात्र आपले निर्मळपण गाऊन सांगावे लागते.

‘शारदे’त देवलांनी जरठ-कुमारी विवाहावर उघड घाव घातला होता. येथे त्यांनी उपदेश केला नाही. रेवतीला गाणे दिले आणि शेवटी तिचे लग्न लावून दिले. तिच्यासारख्या मुलींना त्या मंडळीच्या रंगमंचावर तेव्हा पाऊल ठेवता येत नव्हते. तिची बाजू प्रेक्षकांनी ऐकली ती पुरुषाच्या गळ्यातून.