जैनाबादची अमानत



ताजमहाल कोणासाठी बांधला, असे वर्गात विचारले की सगळे हात वर होतात. मुमताजमहलला प्रथम कोठे दफन केले, असे विचारताच वर्ग शांत होतो. ते ठिकाण म्हणजे बुऱ्हाणपूरचे जैनाबाद. आपल्या कर्जत-खालापूरकडून कल्याणला जाऊन खंडव्याकडील गाडी धरावी. जळगाव जिल्ह्यातील रावेर मागे पडले की पुढे मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर लागते.

तापीच्या एका तीरावर बुऱ्हाणपूर व समोर जैनाबाद, ही दोन्ही गावे फारुकी सुलतानांनी वसविली. आपल्या खुलताबादेत विसावलेले हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि हजरत जैनुद्दीन शिराझी यांची नावे त्यांना दिली. पुढे मोगलांच्या दख्खन स्वाऱ्यांचे बुऱ्हाणपूर हे मुख्य ठाणे झाले. जैनाबादच्या बाजूस शाही बाग व आहूखाना होता. आहू म्हणजे हरीण. आहूखाना म्हणजे मृगवन.

खानजहान लोदीच्या बंडामुळे शहाजहान बादशहा १६३० मध्ये येथे आला. त्याच सुमारास दख्खन व गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. बादशहाने शहरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गोरगरिबांना वाटण्याचा हुकूम केला. अशा दिवसांत, जून १६३१ मध्ये, मुमताजमहल बाळंतपणात अल्लाला प्यारी झाली. वय अवघे अडतीस. एकोणीस वर्षांच्या संसारातील ते चौदावे बाळंतपण. त्यावेळी जन्मलेली गौहरआरा मात्र १७०६ पर्यंत जगली.

मय्यत जैनाबादच्या बागेत अमानत म्हणून दफन केली गेली. अमानत म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शहजादा शुजा आणि सती-उन-निसा खानम यांच्या सोबतीने ती आग्र्यास रवाना झाली. १६३२ मध्ये तेथे ताजचे काम सुरू झाले. आग्र्याला जगभरचे लोक जातात. बुऱ्हाणपूरचे प्रवासी मात्र किल्ला आणि जामा मशीद पाहून परततात. नदीपलीकडील आहूखान्याच्या पडक्या भिंती व कोरडा हौद पाहणारे थोडेच.

पालकहो, त्या बागेपाशी दोन गोष्टी मनात येतात. बादशहाच्या पदरी हकिमांची वाण नव्हती, खजिनाही भरलेला होता. तरी बाळंतिणीचा जीव वाचला नाही. आज दवाखाना आहे, औषध आहे. मग आपल्या लेकी-सुनांच्या प्रकृतीकडे आपण हयगय का करावी?

दुसरी गोष्ट सती-उन-निसा खानमची. ही विधवा बाई विद्वान होती. शहजादी जहाँआराला कुराण व फारसी तिनेच शिकविले. आई गेली तेव्हा जहाँआरा सतरा वर्षांची होती; महालाचा कारभार तिच्यावर पडला व तिने तो सांभाळला. पुढे तिने ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींचे चरित्र लिहिले आणि आग्र्याची जामा मशीद बांधविली. एका मुलीला दिलेली तालीम कोठवर पोहोचते, ते यावरून कळावे.

विद्यार्थी मित्रांनो, सहलीला निघाल तेव्हा तापी ओलांडून जैनाबादलाही जा. भिंतीवर नाव कोरू नका. वहीत नोंद करा, जमल्यास चित्र काढा आणि घरी येऊन धाकट्या भावंडांना सांगा. जैनाबादच्या मातीने आपली अमानत सहा महिने सांभाळून परत केली. वडीलधाऱ्यांनी आपल्या हाती दिलेला इतिहास आणि अल्लाने आपल्या ओटीत घातलेल्या लेकी, या आपल्याकडच्या अमानती आहेत. त्यांचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.