सरावलेला हात आणि बदललेली मांडणी

स्वयंपाकघरातील डब्यांच्या जागा कोणी न सांगता बदलल्या, तर रोज रांधणाऱ्या गृहिणीलाही मीठ शोधावे लागते. मीठ घरातच असते. हात मात्र जुन्या जागी जातो. संगणकाची कार्यप्रणाली नवी झाली म्हणजे कचेरीतील अनुभवी लेखनिकाची हीच अवस्था होते. पडद्यावरील खुणा हललेल्या असतात, नेमलेली अक्षरे व भाषा यांची योजना बदललेली असते, आणि वीस वर्षे काम केलेला मनुष्य काल आलेल्या उमेदवारास वाट विचारू लागतो. हा संकोच संगणकाबरोबर जन्मास आला असे समजण्याचे कारण नाही. पांढुर्णा आणि सौंसर या सीमेवरील मराठी मुलखाने तो पूर्वीही अनुभवला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर या भागाची राजधानी नागपूर होती आणि जुन्या मध्यप्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. त्या दिवसापासून राजधानी भोपाळ झाली व यथावकाश कारभाराची भाषा हिंदी झाली. पुढे पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, देशभर दशमान नाणी आली. सोळा आणे, चौसष्ट पैसे यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून ज्यांनी हिशेबात नाव कमावले होते, त्यांना बाजारात अडखळावे लागले. सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६ नवे पैसे होत, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. एकेक आणा चार वेळा देणाऱ्याचे २४ होत आणि पावली एकदम देणाऱ्याचे २५! १९५८ च्या ऑक्टोबरपासून वजनांची पाळी आली. किलो हा शेरापेक्षा सुमारे ६७ ग्रॅमने जड. तेव्हा शेराचा भाव किलोला लावता येईना.

तरीही हा बदल पचला. जुनी व नवी नाणी काही वर्षे शेजारी शेजारी चालू राहिली. तुलनेची कोष्टके हाताशी होती. आणि शंभराचा हिशेब एकदा ध्यानात आला की तो सर्वत्र लागू पडे. ‘नवा’ हे विशेषण १ जून १९६४ रोजी गळले. लोकांच्या तोंडचे चार आणे, आठ आणे मात्र कितीतरी वर्षे टिकले.

देवनागरी लेखनाच्या वाट्याला असेच संक्रमण यंत्रामुळे आले. रेमिंग्टन धाटणीच्या टाइपरायटरवर अक्षर जसे दिसते तसे जोडावे लागे. ‘कि’ उमटविण्यासाठी आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग क. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाने हा क्रम उलटविला. त्यात अक्षर जसे उच्चारावे तसे लिहावयाचे : आधी क, मागून वेलांटी, स्वर डाव्या हाती, व्यंजने बहुतेक उजव्या हाती. पद्धत तर्कशुद्ध खरी. परंतु वर्षानुवर्षे सरावलेली बोटे तर्काने वळत नाहीत.

अक्षरसंचांची गोष्ट याहून बिकट. कृतिदेवसारख्या संचांत पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवण इंग्रजी अक्षरांच्या संकेतांची असे. तो संच नसलेल्या यंत्रावर तोच अर्ज निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन बसे. १९९१ साली आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षरास स्वतंत्र संकेत दिला आणि विंडोज २००० ने हिंदी व मराठी त्या संकेतांनी लिहिण्याची सोय केली. विंडोज एक्सपीमध्ये ती सोय सेटिंगमध्ये जाऊन वेगळी सुरू करावी लागे. २००७ च्या व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली. ज्यास ती खूण ठाऊक नव्हती, त्याच्या मराठीचे पडद्यावर तुकडे होत आणि दोष भाषेस मिळे.

नवी प्रणाली नाकारून भागत नाही, हेही खरे. एक्सपीचे संरक्षण ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. अशा यंत्रावर कचेरीची कागदपत्रे ठेवणे म्हणजे कुलूप गंजू देणे होय. परंतु सुरक्षेसाठी बदल करणे निराळे आणि सवयीची जागा हिरावून घेणे निराळे. २०१२ साली विंडोज ८ ने कोपऱ्यातील ‘स्टार्ट’ची कळ काढून टाकली. तक्रारी इतक्या झाल्या की पुढल्याच वर्षी ८.१ मध्ये ती परत आणावी लागली. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ती मधोमध गेली, पण डावीकडे नेण्याची मुभा सेटिंगमध्ये राहिली. मध्यप्रदेशच्या सीपीसीटी परीक्षेतही हिंदी टंकलेखनासाठी रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट असे दोन्ही कळफलक चालतात. जुन्या नाण्यांना मिळाली तशीच ही सवलत होय.

मांडणी बदलण्याचा हुकूम देणाऱ्यास तो फार स्वस्त पडतो. त्याची किंमत सरावलेला हात भरतो. म्हणून ज्या कचेरीत नवी प्रणाली यावयाची, तेथे आधी भाषा, कळफलक व अक्षरसंच यांच्या चालू योजनेची नोंद करून ठेवावी, जुन्या-नव्या जागांचे कोष्टक भिंतीवर लावावे आणि पहिले काही दिवस कामाच्या वेगाचा हिशेब मागू नये. शिकणाऱ्यानेही कळीची जागा पाठ करण्यापेक्षा तिचे काम ओळखण्याचा सराव करावा. खूण कोठेही हलली तरी मजकूर साठविणे, शोधणे, छापणे ही कामे तीच राहतात. ती ज्याने ओळखली, तो एका बदलाने अडाणी ठरत नाही; आणि वयाने मोठ्या सहकाऱ्यास दोनदा वाट दाखविल्याने तरुणाचा वेळही वाया जात नाही.