बुरशीची बाजू

पहिल्या पावसानंतर बुलढाण्याहून खामगावला जाताना बोथ्याच्या जंगलाच्या कडेला सागाची जुनी पानं ओली होऊन एकमेकांना चिकटलेली दिसतात. वरचं पान उचललं की खाली पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं असतं, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक. ही बुरशी. आपण जिला कुत्र्याची छत्री म्हणतो ते तिचं नुसतं फळ. सगळं बिऱ्हाड या दोऱ्यांत.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. शास्त्र माझा विषय नव्हे. पण शेतकऱ्याच्या घरात बुरशी हा शब्द मी शिवीसारखाच ऐकला. ज्वारीवर काणी आली, तूर उभ्या उभ्या वाळली, भाकरीला बुरा आला, की दोष तिचा. इतिहासानंही तिला आधी आरोपी म्हणूनच उभं केलं. बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी शेती-संशोधन संस्थेत एडविन बटलर नावाचे आयरिश शास्त्रज्ञ होते. तुरीच्या मर रोगाच्या बुरशीला नाव दिलं ते त्यांनीच. बुरशी आणि पिकांचे रोग यांवर १९१८ साली त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला.

त्याच पुशात अल्बर्ट हॉवर्डही होते. १९२४ साली ते इंदूरला गेले. तिथल्या नव्या संस्थेचं मुख्य पीक कापूस, म्हणजे आमच्या वऱ्हाडचाच जीव की! शेतात उरलेल्या पऱ्हाटीचं करायचं काय, हा प्रश्न तिथंही होताच. हॉवर्डनी पऱ्हाट्या, तुराट्या रस्त्यावर अंथरल्या. बैलगाड्यांच्या चाकांनी त्या चिरडल्या. मग शेण, गोठ्यातली मुताची माती आणि राख यांच्याबरोबर त्यांचे थर लावले. ढिगात आधी बुरशी पसरते, मागून जिवाणू काम उरकतात. यशवंत वाड या सहकाऱ्यासह त्यांनी १९३१ साली ही पद्धत पुस्तकातून मांडली. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ ती हीच.

हॉवर्डचा गुरू होता जंगल. तिथं कोणी खताची गाडी रिकामी करत नाही, तरी झाडं वाढतात. १९४०च्या पुस्तकात त्यांनी मुळांशी राहणाऱ्या बुरशीबद्दल भरभरून लिहिलं. माझ्या मते पुराव्यापेक्षा थोडं जास्तच. या सोबतीला जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ सालीच नाव दिलं होतं. आणि गंमत अशी, की रोगांचा माग काढणाऱ्या बटलरनीही १९३९ साली याच मुळांतल्या बुरशीवर सविस्तर निबंध लिहिला.

खरा उलगडा मात्र दूर ॲमेझॉनच्या वर्षावनात झाला. तिथल्या धो धो पावसात मातीतलं सत्त्व वाहून जायला हवं, मग एवढं रान उभं कशावर? गळालेल्या पानातला ऐवज बुरशी थेट मुळापर्यंत पोचवते, असं वेंट आणि स्टार्क यांनी १९६८ साली सुचवलं. दहा वर्षांनी व्हेनेझुएलातल्या जंगलात मुळांच्या गादीवर किरणोत्सारी फॉस्फरस आणि कॅल्शियम शिंपडून पाहिलं, तर हजारातला जेमतेम एक भाग खाली निसटला. आज हे चित्र जरा वेगळं दिसतं. पान कुजवणारी बुरशी वेगळी. बहुतेक झाडांच्या मुळांतली बुरशी सुटलेला फॉस्फरस तेवढा चटकन उचलते. कामाची वाटणी आहे.

आमचं रान कोरडं, सागाचं. तिथं हा कारभार मुख्यतः पावसाळ्यात चालतो. पण सागाच्या मुळांतही तशीच सोबतीण आहे. आणि काही जातींच्या वाळव्या वारुळाच्या आत बुरशीची बाग राखतात, बाहेर ऊन असलं तरी. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेव्हा कुजवणाऱ्यांच्या वाट्याचा तो घास जातो. नत्राचा तर धूरच होतो.

हे मी कोणत्या तोंडानं सांगावं? दर उन्हाळ्यात पऱ्हाटीच्या ढिगाला काडी लावायचं काम लहानपणी माझंच. “लाव जाळ, वावर साफ होईल,” अब्बा म्हणायचे. त्यांच्यामागंही मी बरीच वर्षं तेच केलं. पऱ्हाटी नुसती बांधावर रचून ठेवणंही बरं नव्हे, गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून राहते. यंदा यंत्र आणून तिची कुट्टी केली, शेणकाला ओतून ढीग लावला. पंधरा दिवसांनी हात घातला तर आत चांगलंच गरम होतं, आणि तुकड्यांवर पांढरे दोरे.