शेअरचं ॲप निवडताना आधी ऑर्डरचं पान पाहा

‘ब्रोकरेज किती?’ एवढंच विचारून बरेच जण ॲप घेतात. आमच्या मते आधी पाहायचं ते ऑर्डरचं पान. ‘डिलिव्हरी’ निवडली की पैसे पूर्ण आपले, आणि शेअर कामकाजाच्या पुढच्या दिवशी आपल्या डीमॅट खात्यात. तिथेच ‘एमटीएफ’चा पर्याय दिसतो. त्यात काही रक्कम आपण भरायची, उरलेली ब्रोकर उसनी देतो आणि त्यावर दिवसागणिक व्याज लावतो. म्हणजे सरळ रिबा! त्यासाठी संमती मागतील, देऊ नका. फ्युचर्स-ऑप्शन्सही बंदच ठेवा. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत त्यात उतरलेल्या ९३ टक्के लोकांना तोटा झाला होता.

कंपनी हलाल आहे का, हे ॲपवर सोडू नका. एनएसईच्या निफ्टी ५०० शरीया इंडेक्सची यादी पाहा, शंका असेल तर मुफ्ती साहेबांना विचारा. वार्षिक देखभाल फी आणि विक्रीवेळचा डीपी चार्जही विचारून घ्या.

आणि व्हॉट्सॲपवर ‘दरमहा ठरलेला हलाल नफा’ म्हणत ॲपची लिंक आली, तर ती उघडूच नका. ब्रोकरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. शेअर खरोखर खात्यात आलेत का, हे सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या स्टेटमेंटवरूनच कळतं.