केवडा अत्तर

केवडा अत्तर हे केवड्याच्या (शास्त्रीय नाव: पँडॅनस ओडोरिफर) नरपुष्पांचा सुगंध चंदनाच्या तेलात उतरवून तयार केले जाणारे भारतीय सुगंधी द्रव्य आहे. एकाच फुलावर आधारलेल्या पारंपरिक अत्तरांत गुलाब व मोगऱ्याच्या अत्तरांबरोबर त्याची गणना होते. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्याचा किनारी पट्टा हे त्याचे प्रमुख उत्पादनक्षेत्र आहे.

फूल

केवड्याची नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. मादी झाडाला अननसासारखे दिसणारे फळ धरते. सुगंध मात्र नर झाडावरील फिकट पिवळ्या पानांत गुंडाळलेल्या कणसालाच असतो. मुख्य बहर पावसाळ्यात येतो. केवडा कोकणातही खाड्यांच्या काठी वाढतो आणि गणेशपूजेच्या पत्रींत त्याला स्थान आहे. शिवपूजेत मात्र तो वर्ज्य मानतात. ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिल्यामुळे केतकीला शाप मिळाला, अशी पुराणकथा आहे. कोकणात हे फूल पूजेपुरते आणि केसांत माळण्यापुरते राहिले, तर गंजाममध्ये त्यावर उद्योग उभा राहिला.

निर्मिती

कणसे पहाटे तोडून शक्य तितक्या लवकर भट्टीवर पोहोचवावी लागतात, कारण त्यांचा वास उडून जातो. ती पाण्यासह ‘डेग’ या तांब्याच्या मोठ्या हंड्यात भरून झाकणाच्या फटी मातीने लिंपतात. डेगमधून निघालेली वाफ बांबूच्या नळीतून ‘भपका’ नावाच्या लांब मानेच्या तांब्याच्या भांड्यात जाते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते व तो थंड पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो. वाफ थंडावली की सुगंध तेलात मुरतो. खाली साचलेले पाणी काढून पुढच्या खेपेला पुन्हा डेगमध्ये घालतात. तेल पुरेसे सुगंधित होईपर्यंत ताज्या कणसांवर हीच क्रिया अनेक वेळा केली जाते. जाळ किती ठेवायचा आणि भपका केव्हा बदलायचा, हे कारागीर अनुभवाने ठरवतो.

चंदनाचा आधार न घेता मिळवलेल्या शुद्ध तेलाला ‘रूह’ म्हणतात. ते अत्यल्प मिळते व फार महाग असते. ‘गंजाम केवडा रूह’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मिठाई व बिर्याणीत वापरले जाणारे केवडाजल हेही याच उद्योगातून येते.

अस्सलपणाचा प्रश्न

एका फुलाचे म्हणून ओळखले जाणारे हे अत्तर प्रत्यक्षात दोन वनस्पतींवर उभे आहे, आणि त्याची अडचण दुसरीपासून सुरू झाली. चंदनाचे तेल दुर्मीळ व महाग होत गेले, तसा भपक्यात त्याऐवजी द्रवरूप पॅराफिनसारखा स्वस्त आधार घालण्याचा प्रघात पडला. पॅराफिन वास धरून ठेवते, परंतु चंदनाची स्वतःची गंधछटा त्यात नसते. पुढे फुलालाही पर्याय आला. केवड्याच्या वासातील प्रमुख घटक, फिनाइल इथिल मिथाइल ईथर, कारखान्यात स्वस्तात तयार करता येतो. एकट्या या घटकाचा वास तीव्र पण एकसुरी असतो. तरी ‘केवडा’ या नावाने विकण्यास तो पुरतो. त्यामुळे बाटलीवर केवडा अत्तर असे लिहिलेले असले, तरी आत केवडा किंवा चंदन असेलच असे नाही.

अर्थकारण

कणसे तोडणारे गावकरी आणि भट्टीवरचे कारागीर यांची कमाई काही आठवड्यांच्या हंगामावर अवलंबून असते. गंजामच्या मालाचा मोठा ग्राहक अत्तर लावणारा शौकीन नसून पानमसाला व सुगंधी तंबाखूचा उद्योग आहे. त्यामुळे 2012 मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी गुटख्यावर घातलेल्या बंदीची झळ या भट्ट्यांनाही पोहोचली. पुढच्याच वर्षी, 12 ऑक्टोबर 2013 रोजी, फायलिन चक्रीवादळ गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आदळले. एरवी वारा व वाळू थोपवून धरणाऱ्या केवड्याच्या बनांची त्यात मोठी हानी झाली. केवड्याची लागवड फांद्या लावून करतात, परंतु नव्या झाडाला पहिले कणीस येण्यास काही वर्षे लागतात.