संमतिवयाचा कायदा आणि आपला अर्ज



बालकावर अत्याचार झाला, की शिक्षा वाढवावी असा अर्ज घेऊन लोक आमदाराकडे जातात. ही रीत आजची नाही. तिचा मोठा दाखला १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात सापडतो.

१८६० च्या दंडसंहितेने दहा वर्षांखालील मुलीशी, मग ती पत्नी का असेना, शरीरसंबंध हा बलात्कार ठरविला होता. १८८९ साली कलकत्त्यास फुलमणी दासी ही विवाहित बालिका पतीच्या बळजोरीने झालेल्या जखमांनी मरण पावली. तिने दहा वर्षे ओलांडली होती. म्हणून पतीवर बलात्काराचा गुन्हा लागेना. त्याला वर्षाची सक्तमजुरी झाली, इतकेच.

त्या काळी वरिष्ठ कायदेमंडळात लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता. लोकांच्या हाती अर्ज, सभा आणि वर्तमानपत्रे एवढीच साधने. बेहरामजी मलबारींनी १८८४ पासून चळवळ चालविली होती. स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयला अर्ज करून आपण पाहिलेल्या मुलींच्या दुखापती मांडल्या. भांडारकरांनी शास्त्राधार शोधले. रानडे, तेलंग आणि आगरकर बिलाच्या बाजूने उभे राहिले. टिळकांचे म्हणणे निराळे होते : सुधारकांनी आधी स्वतः बंधन घ्यावे, परक्या सरकारला घरात बोलावू नये. विरोधी अर्जही पुष्कळ गेले. अखेर १९ मार्च १८९१ रोजी दहाची मर्यादा बारा झाली.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. १९२५ मध्ये पत्नीच्या बाबतीत मर्यादा तेरा झाली. परंतु ती बारा ते तेराच्या दरम्यान असल्यास शिक्षा फार तर दोन वर्षे. १९२८ मध्ये आपल्या वऱ्हाडातील अमरावतीच्या सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने सुमारे चारशे साक्षी घेतल्या. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. पण बालिकेशी लग्न करणाऱ्या एकवीस वर्षांवरील पुरुषास शिक्षा काय? जास्तीत जास्त एक महिना साधी कैद, हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय तक्रार करणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका घेण्याची तरतूद होती! खेड्यातला कोणता शेजारी असा पुढे येणार?

आज स्थिती पालटली आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची खबर देणे हे कर्तव्य ठरविले. २०१९ मध्ये मृत्युदंडापर्यंत शिक्षा वाढविली. तथापि २०२० साली महाराष्ट्रात शक्ती विधेयक आले, तेव्हा अनेक स्त्रीसंघटनांनीच मृत्युदंडाला विरोध केला. गुन्हेगार पुष्कळदा घरचा वा ओळखीचा असतो. फाशीच्या भयाने घर मुके होते, हा त्यांचा मुद्दा होता.

म्हणून लोकप्रतिनिधीला अर्ज लिहिताना शिक्षा किती वर्षांची, एवढेच विचारून थांबू नये. तक्रार कोण करील, त्याचे रक्षण कोण करील, मुलीची साक्ष कोण धीराने ऐकेल, हेही लिहावे. फुलमणीच्या बाजूने अर्ज झाले, ते ती गेल्यावर. आपला अर्ज त्याआधी पोहोचला पाहिजे.