१९३८ ची एक ट्रान्सफर आणि आपल्या चाकण-पिंपरीतली वाट बघणारी पोरं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरात मुलाची किंवा मुलीची कॉलेज ट्रान्सफर अडकलीय, त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

जून-जुलै आला की माझ्या फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, विद्यापीठात कुणी ओळखीचं आहे का?" विचारणारे बहुतेक मराठवाड्यातले. मोशी, चिखली, भोसरीत नाहीतर म्हाळुंगे, खराबवाडी, मेदनकरवाडीत राहणारे. बाप आधी एकटा आला, कंपनीत लागला, दोन-चार वर्षांनी घर इकडं आणलं. तोवर मुलाचं पहिलं वर्ष लातूरला नाहीतर बीडला झालेलं असतं. आता दुसऱ्या वर्षाला इकडं घ्यायचंय.

आणि तिथं गाडी अडते. कारण लातूर नांदेडच्या विद्यापीठात, बीड छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात, आणि आपण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात. म्हणजे नुसतं कॉलेज नाही, विद्यापीठच बदलायचं. टीसी पाहिजे, मायग्रेशन पाहिजे, एलिजिबिलिटी पाहिजे. तिकडचे विषय इकडच्या विषयांशी जुळतात का ते कुणीतरी तपासायला पाहिजे. शिवाय जागा रिकामी पाहिजे. अर्ज दिला की उत्तर एकच, "कळवतो." ते कळवणं कधी, हे कुणी सांगत नाही. इकडं वर्ग सुरू होतात, हजेरी मोजली जाते, महाडीबीटीच्या स्कॉलरशिपची तारीख जवळ येते, परीक्षेचे फॉर्म निघतात. पोरगं ना इथलं, ना तिथलं.

हा प्रश्न आजचा नाही. मराठवाड्याच्या माणसाला तर अजिबात नवा नाही. म्हणून आज जरा मागं जाऊया.

साल १९३८. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद असे पाच जिल्हे. विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया. शिकवायची भाषा उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या पोराला संस्थानात राहून पदवी घ्यायची तर त्याच वाटेने जावं लागायचं.

त्या वर्षी संस्थानात वातावरण तापलेलं होतं. स्टेट काँग्रेसवर बंदी आली होती. स्वामी रामानंद तीर्थांनी ऑक्टोबरात सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. नोव्हेंबरात ठिणगी कॉलेजांत पडली. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत मुलं प्रार्थनेला 'वंदे मातरम्' म्हणायची. त्याला मनाई झाली. मुलांनी ऐकलं नाही, संप केला. शेकडो मुलं कॉलेजातून आणि वसतिगृहातून बाहेर काढली गेली. यात मराठवाड्यातली होती, तेलंगणातलीही होती.

आता त्या पोरांच्या जागी उभं राहून बघा. वय सतरा-अठरा. शैक्षणिक वर्ष मध्यावर आलेलं. संस्थानात दुसरं विद्यापीठ नाही. बाहेरच्या विद्यापीठाने घेतलं तरच वर्ष वाचणार, नाहीतर शिक्षण संपलं. काहींनी शिक्षण सोडून चळवळीतच उडी घेतली. बाकीच्यांना एका होकाराची गरज होती.

तो होकार नागपूरने दिला. नागपूर विद्यापीठ तेव्हा अवघ्या पंधरा वर्षांचं होतं, १९२३ मध्ये सुरू झालेलं. कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी उस्मानियातून काढलेल्या मुलांना प्रवेश देण्याचा निर्णय घेतला.

केदारांना "नाही" म्हणायला कारणं कमी होती का? मुलं शिस्तभंगाचा शिक्का घेऊन आलेली. अभ्यासक्रम वेगळा. तिकडं शिक्षण उर्दूतून, नागपुरात इंग्रजीतून. वर्ष अर्धं संपलेलं. शेजारच्या बलाढ्य संस्थानाशी वाकडं घ्यायचं ते वेगळंच. आजच्या भाषेत सांगायचं तर यातल्या कोणत्याही एका कारणावर फाईल सहा महिने पडून राहिली असती आणि कुणालाच दोष देता आला नसता. तरी मुलांना घेतलं गेलं. आणि वेळेत घेतलं गेलं, हे जास्त महत्त्वाचं. तोच होकार दोन वर्षांनी आला असता तर तोवर ही पोरं कुठल्या तरी दुकानात हिशेब लिहायला नाहीतर शेतावर लागली असती.

या मुलांमधला एक वरंगळच्या कॉलेजातला होता. वय सतरा. नागपूर विद्यापीठातून त्याने इंटर केलं, मग पुण्यात फर्ग्युसनला येऊन बीएस्सी केलं, पुन्हा नागपूरला जाऊन वकिलीची पदवी घेतली. म्हणजे उस्मानिया, नागपूर, मग मुंबई विद्यापीठ (पुण्याचं विद्यापीठ १९४९ चं, तोवर फर्ग्युसन मुंबईला जोडलेलं होतं), आणि परत नागपूर. या प्रवासात मराठी इतकी पक्की झाली की पुढं त्याने हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव.

१९९१ मध्ये हेच गृहस्थ पंतप्रधान झाले आणि देशाचं आर्थिक धोरण बदललं. परदेशी मोटार कंपन्यांना दार उघडलं. १९९४ मध्ये मर्सिडीज आली, आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात, मग २००९ मध्ये चाकणला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. त्या कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कारखान्यांच्या मागोमाग लातूर, बीड, नांदेड, धाराशिवचा माणूस चाकणला आला. आता त्याच माणसाचं पोरगं ट्रान्सफरची वाट बघत बसलंय.

नागपूरच्या एका सहीमुळे चाकण झालं असं मला म्हणायचं नाही, इतिहास इतका सरळ नसतो. केदारांना १९९१ दिसत नव्हतं. त्यांना समोर फक्त वर्ष वाया चाललेली पोरं दिसत होती, आणि निर्णय घ्यायला तेवढं पुरेसं होतं.

दुसरं उदाहरण लंडनचं. ते ट्रान्सफरचं नाही, खंड पडलेल्या शिक्षणाचं आहे, पण मुद्दा तोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातून १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. वर्षभरात बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. पण निघण्याआधी लंडन विद्यापीठाकडून त्यांनी एक परवानगी मिळवली होती. चार वर्षांच्या आत परत आलात तर अभ्यास पुढं चालू करता येईल. मधल्या काळात ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते, पगारातून पैसे मागं टाकत होते. शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. १९२० मध्ये ते परत गेले. १९२१ ला एमएस्सी, १९२३ ला डीएस्सी.

बाबासाहेबांनाही थांबावं लागलं, तीन वर्षं. पण किती थांबायचंय हे त्यांना माहीत होतं. तारीख ठाऊक असली की माणूस तिच्या हिशेबाने नोकरी धरतो, पैसे जमवतो, तयारी करतो. आपल्या पोरांना तीच तारीख मिळत नाही.

आज साधनं नाहीत असं नाही. २०२१ मध्ये यूजीसीने ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. पोराने मिळवलेले क्रेडिट खात्यात जमा राहतात, दुसऱ्या संस्थेत वापरता येतात, साधारण सात वर्षांपर्यंत. कागदावर हे उत्तम आहे. पण बँकेत क्रेडिट असले म्हणून वर्गात जागा मिळत नाही. घ्यायचं की नाही हे शेवटी माणसंच ठरवतात, आणि त्यांनी किती दिवसांत ठरवायचं हा प्रश्न उरतोच. आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा किती दिवसांत द्यायची हे त्यात ठरवून द्यावं लागतं, मुदत चुकली तर अपील करता येतं. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते. मग पोराच्या एका वर्षाला का नसावी?

माझ्या मते मागण्या तीनच आहेत. एक, ट्रान्सफरचा अर्ज घेतानाच निर्णयाची तारीख लेखी द्या, आणि ती वर्ग सुरू व्हायच्या आतली असू द्या. दोन, विषय जुळत नसतील तर कोणते जुळत नाहीत आणि कोणते जादा पेपर द्यावे लागतील ते आधीच सांगा. तीन, नकार द्यायचा तर तोही वेळेत द्या. वेळेत मिळालेल्या नकारावर पोरगं दुसरीकडं अर्ज तरी करू शकतं.

पालकांना एकच सांगणं. नव्या ठिकाणचं लेखी पत्र हातात येईपर्यंत जुन्या कॉलेजातून नाव काढून घेऊ नका. "होऊन जाईल" या तोंडी शब्दावर टीसी घेतली आणि इकडं जागा नाही मिळाली, तर दोन्हीकडून पोरगं बाहेर. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून घ्या. आणि ओळखीचा माणूस शोधण्याआधी नियम मागा, लेखी मागा.

पिंपरी-चिंचवडमध्ये नगरसेवकापासून आमदारापर्यंत सगळे मराठवाड्याच्या मतांचा हिशेब मांडतात. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात. या वर्षी त्या कार्यक्रमात कुणीतरी १९३८ च्या त्या पोरांचं नाव घ्यावं, आणि आजच्या पोरांच्या अर्जाला तारीख मिळावी म्हणून एक निवेदन विद्यापीठाला द्यावं. निवेदन लिहून द्यायला मी तयार आहे.

आणि एक. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा, पणजोबा तेव्हा उस्मानियातून निघून नागपूरला शिकायला गेले असतील, तर मला जरूर कळवा. ती माणसं आता राहिली नाहीत, पण घरात एखादं जुनं प्रमाणपत्र, एखादं पत्र असेल. त्याचा फोटो काढून ठेवा. चाकणमध्ये वाढणाऱ्या नातवंडांना ते दाखवायला हवं.